अकरा घरांवरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. अल्लीपूरकडच्या एका लहानशा गावाचा. गावाबाहेर मला कुणी ओळखत नाही, पण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर माझा तोरा काही औरच होता.

चित्रकलेचे मास्तर प्रभाकरराव यांनी मला जाड कापडावर काढलं. चार महिने ते गावभर पायी फिरले. कपाशीची शेतं, विहिरी, नाला, आणि प्रत्येक घरासाठी एक काळा चौकोन. वरून वार्निशचा हात दिला. शिवेचं भांडण असो की नळाची लाईन, सगळे आधी माझ्याकडे धाव घेत. मास्तर गेले आणि मला पाहणारेही कमी झाले.

एकटे बापूराव शिपाई मला विसरले नाहीत. दसऱ्याला दप्तराची पूजा करताना ते तेलात कालवलेलं कुंकू माझ्याही खालच्या कोपऱ्याला लावत. वर्षानुवर्षं थर चढत गेला. मी सुखावत होतो, पण जीवही तुटत होता. त्याच कोपऱ्यात, नाल्यापलीकडे, भाजीपाला पिकवणाऱ्यांची वाडी होती.

यंदा घरांची आणि माणसांची सरकारी यादी करायला आकांक्षा मॅडम आल्या. त्या आर्वीच्या, गावाला नव्या. त्यांनी माझ्यावरून गाव उतरवून घेतलं. नाल्यापलीकडे नुसता लाल डाग! नवे सरपंच म्हणाले, वाडी शेजारच्या गावात येते. शेजारचे म्हणत, तुमच्या गावात येते.

यादीच्या शेवटच्या दिवशी वाडीच्या मनकर्णाबाई कार्यालयात आल्या.

"नाल्यावर लहानसा पूल मांगतला, तर म्हणते तिकडं लोकसंख्याच नाई! पावसाळ्यात नातीले खांद्यावर घेऊन नाला उतरतो मी. आमाले मोजलं काऊन नाई, बाई?"

"मावशी, नकाशात तुमची वस्तीच दिसून नाई राह्यली," मॅडम म्हणाल्या.

मनकर्णाबाई माझ्याजवळ आल्या. "मास्तर आमच्या वाडीत भाकर खाऊन गेलते. आमची घरं काढल्याबिगर राहतीन का ते? ह्या कुंकवाखाली पाहा."

मॅडमनी रुमाल ओला केला, तसे बापूराव आडवे आले. "पुसू नका जी, पूजेचं हाय ते!"

"बापूराव, त्याच्याखाली आमी राह्यतो," मनकर्णाबाई म्हणाल्या.

बापूरावांनी रुमाल स्वतःच्या हातात घेतला. चोळता चोळता अकरा चौकोन वर आले, एक विहीरही आली. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याने सगळं भक्तीनेच केलं होतं हो!

मॅडम तडक वाडीवर गेल्या. संध्याकाळपर्यंत अकरा घरांतली अठ्ठावन्न माणसं यादीत आली. पूल अजून व्हायचा आहे, पण आता त्याची मागणी कुणाला उडवून लावता येणार नाही.

मित्रांनो, मला नमस्कार नाही केलात तरी चालेल. वर्षातून एकदा धूळ झटका, जवळ या, बोट फिरवून आपलं घर शोधा. ते सापडलं, की नाल्यापलीकडच्यांचंही शोधा. तेच सापडत नसेल, तर मी कसला नकाशा!