कापूस गिळलेले पेव

मी एक जुने पेव आहे, मित्रांनो. पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खोदलेली कोठी. माझे तोंड एवढे लहान, की एक माणूस जेमतेम उतरेल. पोट मात्र एवढे मोठे, की आत दोन बैल सुखाने रवंथ करत बसतील. मोठ्या पोटाची मंडळी स्वभावाने शांत असतात, तसेच मीही आहे. पण एकदा माझ्यावर खोटा आळ आला आणि मी मातीने बुजायच्या बेतात होते. ती हकिगत सांगितल्यावाचून मला आता राहवत नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपासून हाकेच्या अंतरावर, उंचवट्याच्या पांढऱ्या मातीत मला खोदले. शेतातली काळी माती कापसाला चांगली, पण पेवाच्या कामाची नाही. पावसात ती फुगते आणि उन्हात भेगाळते. माझ्या मालकाच्या, पुंजारामच्या, वडिलांनी चार माणसे लावून मला खोदून घेतले, आत तुरीच्या फणकटांचा, म्हणजे वाळक्या काड्यांचा, जाळ करून भिंती भाजल्या, शेणामातीने लिंपल्या आणि भोवतीने वाळका कडबा लावला. तो जाळ आठवला की आजही माझे अंग शेकते. मग पहिली ज्वारी आत आली. ती पडताना जो आवाज झाला, तसा गोड आवाज मी दुसरा ऐकलेला नाही.

घरातली कणगी रिकामी झाली की मला उघडत. तो दिवस आमच्या गल्लीचा सणच असे. तोंडावरची माती फोडायची, दगड सरकवायचा आणि सगळ्यांनी लांब व्हायचे, कारण पेवात कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते. एक दिवस तसेच उघडे ठेवून मग दोरीने दिवा खाली सोडायचा. दिवा जळत राहिला तरच माणूस उतरणार. उतरायचा मान शेजारच्या शालिकराम माळ्याचा. मोर्णेच्या काठी त्याची भाजीची वाडी होती आणि अंगाने तो त्याच्याच वाडीतल्या शेवग्याच्या शेंगेसारखा होता. मालक असूनही पुंजाराम उतरत नसे. तरुणपणी एकदा उतरायला गेला आणि कमरेपाशी अडकला. चौघांनी ओढून काढला, तेव्हापासून तो माझ्या तोंडाशी जरा अदबीनेच वागे. पहिल्या टोपलीच्या घुगऱ्या शिजत आणि घरोघरी वाटल्या जात. माझ्या ज्वारीला थोडा आंबूस वास येतो, हे मला मान्य आहे. तरी घुगऱ्यांचे पातेले घासावे लागत नसे, एवढे ते चाटूनपुसून साफ होई.

पुंजारामची बायको गोदाबाई. ती सून होऊन आली तेव्हाच मी बऱ्यापैकी जुने झाले होते, म्हणून मी तिला एकेरीत बोलते. जीभ तिखट, हात सढळ. तिची एकुलती एक मुलगी वच्छला. शके सतराशे शहाऐंशीच्या दिवाळीनंतर वच्छलेचे लग्न ठरले आणि वैशाखातला मुहूर्त निघाला.

त्या वर्षांत वऱ्हाडात कापसाने सगळ्यांना वेड लावले होते. सातासमुद्रापलीकडे अमेरिका नावाच्या मुलखात लढाई चालली होती, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीच्या रस्त्याला दिवसभर गाड्यांची रांग दिसे. आमच्या गल्लीत एकाने बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या केल्या, तर दुसऱ्याने घोडा विकत घेतला आणि त्याला काय खाऊ घालायचे ते गल्लीभर विचारत हिंडला. पुंजाराम तरी मागे कसा राहील? त्या साली त्याने सगळ्या शेतात पऱ्हाटी, म्हणजे कापूसच पेरला. ज्वारीला एक ओळही ठेवली नाही.

"आन खायाचं काय?" गोदाबाईने विचारले होते.

"इकत घेऊ. पैसा असला का ज्वारी चालत घरी येते."

"अन् सारेच असं म्हनून राह्यले तं ती येईन कोठून? उद्या पोरीचं लगन ठरलं तं पाव्हण्याइले कापूस रांदून घालता काय?"

पुंजाराम हसला. बाईमाणसाला भाव काय कळतो, असे ते हसणे होते. त्या पौषात माझ्या तळाची शेवटची ज्वारी निघाली आणि मी जन्मात पहिल्यांदा रिकामे झाले. मित्रांनो, रिकाम्या पोटी माणसाला झोप येत नाही म्हणतात. पेवालाही येत नाही.

माघ लागला. गोदाबाई वच्छलेला घेऊन चार दिवस माहेरी, पातूरला गेली होती. एके दिवशी सकाळी पुंजाराम एकटाच अंगणात आला. कापसाचा ढीग विकायला तयार होता. इकडेतिकडे पाहून त्याने घागर उचलली, ढिगावर पाणी शिंपले आणि कापूस खालीवर केला. ओला कापूस जड भरतो, म्हणून काही जण असे करत. माझे तोंड उघडेच होते, त्यामुळे मी सगळे पाहिले. पुंजाराम वाईट माणूस नव्हता. पण चहूकडे सगळे पळत असले की शहाणाही धोतर सावरत पळू लागतो.

नेमका त्याच वेळी अमरावतीहून आलेला एक गाडीवान दारावरून ओरडत गेला, "भाव अजून चढून राह्यला! पंधरा रोज थांबा!"

पुंजाराम थांबला. पण कापूस ठेवणार कुठे? दोनच दिवसांपूर्वी पलीकडच्या गल्लीत कापसाची गंजी पेटली होती. घरात ठेवायची भीती. मग त्याची नजर माझ्याकडे वळली. पेवाला आग लागत नाही, चोर शिरत नाही. कापूस वाळवायला दोन दिवस लागले असते, तेवढा धीर त्याला नव्हता. आणि ओला कापूस अंगणात पसरला असता तर गल्लीने विचारले असते. त्याने वरूनच टोपल्या ओतल्या, बांबूने दाबल्या आणि माझे तोंड लिंपून टाकले.

मी ज्वारी खाणारा प्राणी! तो ओला कापूस माझ्या पोटात फुगून बसला. चार दिवसांनी तो आतून ऊब धरू लागला, आठ दिवसांनी त्याला वास सुटला. भिंतींनी जमेल तेवढी ओल शोषून घ्यायचा मी प्रयत्न केला, पण मधला कापूस माझ्या आवाक्यात नव्हता. वर पंधरा दिवसांचा महिना झाला, कारण भाव चढतच होता. आणि एक दिवस तो उतरला. लढाई संपत आल्याची बातमी आली आणि भाव जो घसरला, तो थांबेचना.

फाल्गुनात घाईघाईने मला उघडले. दलालाने वरचा पुंजका हातात घेतला, नाकाशी नेला आणि टाकून दिला. "हा कापूस नोय भाऊ, हे तं आंबवन हाये," एवढे बोलून तो चालता झाला.

गल्ली जमली होती. पुंजारामचा चेहरा काळवंडला. तो मोठ्याने म्हणाला, "पेवानं दगा देल्ला! भितीतून मोर्णेचं पानी झिरपलं!"

नाचता येईना अंगण वाकडे, असे तुम्ही म्हणाल. पण तेव्हा कोणी म्हणाले नाही. जुनेच पेव, झिरपले असेल, अशा माना हलल्या. ज्यांनी माझ्या घुगऱ्या खाल्ल्या त्यांच्याच माना. मला फार वाईट वाटले. ओरडून सांगावे वाटले, पण मला तोंड असले तरी जीभ नाही.

दुसऱ्या दिवशी पुंजारामने गाडीभर माती आणून माझ्या तोंडाशी ओतली. "बुजवूनच टाकतो याले," तो म्हणाला. घरात ज्वारी नाही, बाजारात ती हिऱ्यामोत्याच्या मोलाची, मुलीचे लग्न महिना-दीड महिन्यावर, आणि राग काढायला मीच सापडले होते. त्याने पहिली टोपली उचलली.

"थांबा," गोदाबाई पुढे आली. "बुजवाच्या आंदी मले आत पाहू द्या."

"बायामानसं पेवात उतरत नाईत."

"बायामानसं ज्वारी पेराले बी सांगतात, ते कोनी आयकत नाई." तिने शालिकरामला हाक मारली, "भाऊजी, दिवा सोडा."

दिवा खाली आला आणि जळत राहिला. गोदाबाईने कासोटा घट्ट खोचला आणि दोरीच्या शिडीने माझ्या पोटात उतरली. इतक्या वर्षांत एक बाई आत येण्याची ती पहिलीच वेळ. खाली कापूस गुडघाभर दबला होता. तिने आधी भिंतीला तळवा लावला. भिंत कोरडी होती. कडबा उपसून मोडला. तो कुरकुरीत मोडला. भिंतीलगतचा कापूस पांढरा होता. मग तिने मधोमध कोपरापर्यंत हात खुपसला. तिथला पुंजका गरम होता, आणि हळदीच्या हाताने पुसल्यासारखा पिवळा.

भिंत झिरपली असती तर कडेचा कापूस आधी नासला असता. गोदाबाईच्या हे ध्यानात आले. म्हणजे कापूस भरतानाच ओला होता. ती तिथेच बसली.

"काय दिसते?" वरून पुंजारामचा आवाज आला. तो भ्यालेल्या माणसाचा आवाज होता.

 माझ्या जिवात जीव नव्हता. ती खरे बोलली तर मी सुटणार होते, पण पुंजाराम गल्लीत तोंड दाखवू शकला नसता, आणि लग्नघरी तर मुळीच नाही. ती गप्प राहिली तर मी मातीखाली जाणार होते. तिने माझ्या भिंतीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "तुयी चूक नाई, बापा." मित्रांनो, तेवढ्या शब्दांवर मी बुजायलाही तयार झाले असते.

मग ती वर तोंड करून ओरडली, "टाका माती! मी बसली अठीच."

गल्ली खदखदून हसली. शालिकराम म्हणाला, "पुंजारामभाऊ, आता वयनीले बुजवता काय?"

"भित कोल्डी हाये," गोदाबाईने सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. "कापसावर दंव होतं. माघातलं दंव लय पडते. तसाच भरला म्हनून आंबला. पेवाचा दोष नाई."

माघातले दंव कुणाला ठाऊक नव्हते? सगळ्यांना पटले. झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली. पुंजारामने मात्र हातातली टोपली खाली ठेवली.

पुढचे आठ दिवस गल्लीत नुसती धांदल होती. नासका कापूस वर काढून माळवदांवर उन्हात पसरला. बायांनी सरकी काढली, पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार सकाळपासून चाले. विकायला तो कापूस वाया गेला होता, पण गाद्या भरायला झकास होता. पातूरकडची जमीन हलकी, तिथे पऱ्हाटी धरत नाही, म्हणून तिथल्या लोकांनी ज्वारीच पेरली होती. आणि लगीनसराई तोंडावर, गाद्या तर सगळ्यांना हव्या होत्या. गोदाबाई आणि पुंजाराम गाडीभर गाद्या घेऊन गेले आणि गाडीभर ज्वारी घेऊन आले. जाताना गाडी पुंजारामने हाकली. सौदा गोदाबाईने केला.

परत आल्यावर पुंजारामने ज्वारीची पहिली टोपली उचलून माझ्या तोंडाशी आणली, तेव्हा गोदाबाईने त्याचा हात धरला. अंगणात दोघेच होते.

"तुले समजलं होतं," तो खाली बघत म्हणाला.

"हो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"वरून इचारताना तुमी भेऊन राह्यले होते. गल्लीपुढं तुमाले अजून काय लहान करू?" तिने माझ्याकडे बोट केले. "पर ज्याच्यावर आळ घातला, त्याले तं सांगा."

"पेवाले?"

"त्याले नाई तं कोनाले? उद्या त्याचंच खासाल ना?"

पुंजारामने एकदा रस्त्याकडे पाहिले. मग तो जाडजूड माणूस अंगणात पालथा पडला, डोके माझ्या तोंडात घातले आणि पुटपुटला, "पानी मीच मारलं होतं." माझे पोट रिकामे होते, त्याचे शब्द आत घुमले आणि जसेच्या तसे त्याच्याकडे परत गेले. "मीच मारलं होतं." तो दचकला. मग पालथ्या पालथ्याच हसू लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्याचे दोन थेंब माझ्या तळाशी पडले. तेवढी ओल मी आनंदाने शोषून घेतली.

त्यानंतर ज्वारी पडली. तोच आवाज! वच्छलेचे लग्न थाटात झाले, पंगती उठल्या आणि उरलेली ज्वारी माझ्याकडेच राहिली. पुढच्या सालापासून पुंजारामने दोन वावरे ज्वारीला ठेवली. त्याचे गुपित मी त्याच्या हयातीत कुणाला सांगितले नाही. आता तो नाही, गोदाबाईही नाही, म्हणून तुमच्यापुढे बोलले.

आता लोक धान्य पोत्यांत ठेवतात. माझ्या तोंडावर दगड आहे आणि दगडावर दुपारी मांजर झोपते. माझी तक्रार नाही. पोटभर खाल्लेल्याने कशाला कुरकुरावे? फक्त एवढे मागते, मित्रांनो. साठवायचे ते उन्हात वाळवून साठवा, आणि जुन्या वस्तूंना काळजीने वागवा. आपल्या हातून काही बिघडले तर ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या माथी ते मारू नका. कुणाजवळ तरी खरे सांगून टाका. आणि सांगायला कोणीच मिळाले नाही, तर आमच्या गल्लीत या. मी ऐकून घेईन.