आजोबांना पाठवलेले फोटो

माझे वडील शनिवारी दुपारी नाशिकमध्ये वारले. मला ते पुढच्या शुक्रवारी दोहात, आमच्या अल सद्दच्या फ्लॅटमध्ये बॅगा उपसताना कळलं. मधले सहा दिवस मी नवरा आणि दोन मुलांबरोबर ग्रीसमधल्या नॅक्सॉस बेटावर होते आणि तिथे मी भरपूर मजा केली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी मला बिचारी म्हणायला नको.

मिहीरने सांगितलं तेव्हा माझ्या हातात गंधारची वाळूने भरलेली चड्डी होती. गंधार चार वर्षांचा. तो हॉलमध्ये प्लॅस्टिकचं फावडं घेऊन गालिचा उकरत होता.

"भैरवी, जरा बस," मिहीर म्हणाला. "अण्णा गेले. शनिवारी. हार्ट अटॅक. आपण बोटीवर होतो तेव्हाच पियूषचा फोन आला होता."

पियूष माझा धाकटा भाऊ. आई चार वर्षांपूर्वी गेल्यापासून तोच अण्णांजवळ राहायचा. अथेन्सहून बेटाकडे जाणाऱ्या बोटीच्या डेकवर, मी खाली गंधारला उलटी होतेय म्हणून त्याची पाठ चोळत बसले असताना, मिहीर आणि पियूषने फोनवर सगळं परस्पर ठरवून टाकलं होतं. भैरवीला आत्ता सांगायचं नाही.

"तू पोचलीच नसतीस," मिहीर म्हणाला. "संध्याकाळी सातला सगळं उरकलं त्यांनी. पोरांनी या ट्रिपची वर्षभर वाट बघितली होती. व्हिसा मागच्या वर्षी मिळाला नव्हता, आठवतं ना? आणि लग्न झालेल्या मुलीला सुतक तीनच दिवसांचं असतं. उद्याचं तिकीट काढलंय मी तुझं. दहाव्याला तू आरामात पोचतेस."

हा माणूस एरवी घरात साधी उदबत्ती लावत नाही. गॅस प्लांटमध्ये इंजिनिअर आहे, पंचांगाला हसतो. आणि त्याला सुतकाचे दिवस तोंडपाठ. मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. मी चड्डी बादलीत टाकली आणि हात धुतले.

मग फोटो आठवले.

अण्णा मेसेज लिहीत नसत. त्यांना मी काहीही पाठवलं की उत्तरादाखल फक्त अंगठा यायचा. नॅक्सॉसहून मी त्यांना रोज फोटो पाठवले होते. गंधार वाळूत गळ्यापर्यंत पुरलेला, मी हॅट घालून तळलेली मासळी खाताना, पांढऱ्या गल्लीत चौघं. आणि रोज अंगठा आला होता. बुधवारी मी फोन केला तर पियूषने उचलला. अण्णांचा घसा बसलाय म्हणाला. मी म्हटलं, हळदीचं दूध दे.

"अंगठे कोणी पाठवले?" मी विचारलं.

मिहीर बॅगेची चेन लावायला लागला. रिकाम्या बॅगेची.

"पियूषने," तो म्हणाला. "तुला शंका यायला नको म्हणून."

मी सोफ्यावर बसून एकेक फोटो पुन्हा उघडला. सगळे शनिवारनंतरचे. मी प्रत्येकात हसतेय. गंधार हसतोय. मिहीर बहुतेक ठिकाणी नाहीच, कारण फोटो तोच काढत होता. हसा, म्हणत होता. आणि प्रत्येक फोटोत माझी सात वर्षांची गार्गी कडेला उभी राहून भलतीकडेच बघतेय.

त्या सहा दिवसांत मी गार्गीला किती बोलले होते. ती पाण्यात जाईना, आइस्क्रीम खाईना. माझ्याजवळ येऊन बसायची आणि मी विचारलं की उठून जायची. तोंड पाडून बसायला एवढ्या लांब आणलं का तुला? गंधार बघ कसा खेळतोय. नाटकं पुरे. शेवटच्या संध्याकाळी समुद्राकाठच्या दगडी कमानीपाशी तर मी तिचा दंड धरून तिला उभं केलं होतं. "आजोबांना पाठवायचाय हा फोटो. नीट हस. आजोबा काय म्हणतील?" तेव्हा तिने दात दाखवले होते, दातांच्या डॉक्टरला दाखवतात तसे.

"मिहीर," मी म्हटलं, "डेकवर तुझ्याजवळ कोण होतं?"

"वारा फार होता," तो म्हणाला, "काही ऐकू येईना. म्हणून मी स्पीकर लावला. ती शेजारीच उभी आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. मग तिला म्हटलं, घरी जाईपर्यंत आईला सांगायचं नाही. शहाणी आहे, ऐकलं तिने."

मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. मी मुलांच्या खोलीत गेले. गार्गी बूट न काढताच पलंगावर बसली होती. तिला हॉलमधलं सगळं ऐकू गेलं असणार. मिहीर माझ्यामागून दारापर्यंत आला. मी आतून कडी घातली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"आय प्रॉमिस्ड," ती म्हणाली. घरात ती आमच्याशी इंग्लिशच बोलते. "बाबा सेड यू विल क्राय अँड द हॉलिडे विल बी खलास."

मी तिच्या पायाशी बसून तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. मला तिची माफी मागायची होती, पण दंड धरल्याची मागू की त्या फोटोची, ते सुचेना. एका बुटातून वाळू सांडली.

"आई," ती म्हणाली. पुढचं ती मराठीत बोलली. मराठी ती फक्त फोनवर आजोबांशी बोलायची. "आता रडलं तर चालेल?"

मी हो म्हटलं. तिने तोंड वेडंवाकडं करून पाहिलं, डोळे घट्ट मिटून पाहिले. पण तिला रडू येईना.