बसल्या बाईसकट आलेला बाक

माझा एक पाय डुगडुगतो, मित्रांनो, तेव्हा जपून बसा. मी ओकच्या लाकडाचा जुना बाक आहे, वयाने आमच्या काउंटीएवढाच, म्हणजे जिल्ह्याएवढाच. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या माळावरचं ऑरेल गाव तेव्हा काउंटीचं मुख्य ठिकाण होतं. तिथल्या कचेरीसाठी इग्नात्स सुताराने मला घडवलं. खटले, लग्नाचे परवाने, रस्त्यांची भांडणं, सगळं त्या एका खोलीत चाले. निवडून आलेले तीन कारभारी समोर बसत आणि गाऱ्हाणं सांगायला आलेला माणूस माझ्यावर.

मग रेल्वे ब्रॅकेट गावावरून गेली. मतदान झालं आणि मुख्य ठिकाणाचा मान ब्रॅकेटने जिंकला. ऑरेलवाले काही कचेरी सोडेनात. शेवटी बर्फ पडल्यावर ब्रॅकेटचे लोक घोडे जुंपलेल्या घसरगाड्या घेऊन आले आणि सामान उचलू लागले. माझी पाळी आली तेव्हा इग्नात्सची विधवा व्लास्ता माझ्यावर येऊन बसली.

"उठा, मावशी. मतं आम्ही जिंकलीत."

"मग मतं न्या की. बाक माझ्या नवऱ्याने केलाय."

तिला ओढायची कुणाची छाती झाली नाही. त्यांनी आम्हा दोघांनाही उचलून गाडीवर ठेवलं. वाटभर ती माझी पाठ कुरवाळत होती. ब्रॅकेटला उतरल्यावर म्हणाली, "ठेवा इथे. पण येईल त्याला आधी बसवायचं, मग काम विचारायचं."

ती रीत बरीच वर्षं पाळली गेली. माझ्यावर बसून कुणी पूल मागितला, कुणी नुसतंच रडलं. पुढे गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि मी तळघरात गेलो. तिथे मला फार एकटं वाटे. गेल्या हिवाळ्यात तर सरपणात द्यायला मला अंगणात काढून ठेवलं.

त्याच दिवशी व्लास्ताची पणती रादमिला, आता स्वतःच म्हातारी झालेली, काही कामासाठी कचेरीत आली होती. ऑरेलमध्ये आता मोजकीच घरं उरलीत, त्यातलं एक तिचं. घरी ऐकलेल्या गोष्टीवरून तिने मला ओळखलं आणि माझ्यावरचा बर्फ झटकून ती बसली. कारभाऱ्यांचा प्रमुख डेल बाहेर आला.

"आजी, थंडीत काय बसलात? आत चला."

"माझ्या पणजीला तुमच्या लोकांनी बाकासकट नेलं होतं. मलाही न्या."

"आम्हा तिघांच्याही कमरा गेल्यात हो."

"मग सावकाश उचला. मला घाई नाही."

डेलने बाकीच्या दोघांना हाक मारली. तिघांनी कण्हत कुंथत आम्हाला उचललं.

"आजी, पाय तरी वर घ्या."

तिने पाय वर घेतले. सभागृहात मला टेकवून डेल दम खात उभा राहिला. मग म्हणाला, "आता बसलाच आहात. सांगा, काय काम होतं?"

मित्रांनो, माझ्या पायाला पाचर मारली नाहीत तरी चालेल. दाराशी कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं, तर त्याला आधी बसवा.