एकोणिसावं पान

होबार्टच्या आमच्या कचेरीत अबॅलोनचे शिंपले काढणाऱ्या पाणबुड्यांसाठी प्रोग्रॅम बनतो: किती खोल गेल्यावर वर येताना किती थांबायचं, नाहीतर रक्तात हवेचे बुडबुडे होऊन सांधे धरतात. त्याची पुस्तिका कुणी हाताने लिहीत नाही. प्रोग्रॅमच्या आत ठेवलेल्या टिपा गोळा करून यंत्रच ती बांधतं. मात्र प्रोग्रॅम ज्या पॅकेजांवर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार तुकड्यांवर, टेकलाय ती सगळी हजर लागतात, नाहीतर ते अडून बसतं.

शुक्रवारी दोन पॅकेजांचं जुंपलं. नकाशाच्या पॅकेजला गणिताचं जुनं पॅकेज हवं, थांबे मोजणाऱ्याला नवं. दोघांना एकत्र नांदवणं मला तासभर जमेना.

"रॉझलिन, सासूसुनेची भांडणं मिटवत बसू नकोस," आमचा साहेब गार्थ म्हणाला. "थांब्यांच्या जागी खोटं पॅकेज उभं कर, नुसतं नावाचं. यंत्राला काय कळतंय?"

"मला तरी काय कळतं? मी कारखान्यात शिंपले फोडता फोडता शिकलेली."

"म्हणून तर ऐक."

ऐकलं. पुस्तिका झाली, अकरा होड्यांना गेली. त्यातली एक शेजारच्या टेबलावरच्या मेरिनने नवऱ्यासाठी, डेलसाठी नेली. तो छापलेल्यापलीकडे एक मिनिट इकडेतिकडे करणार नाही.

सोमवारी दुपारी पानं चाळताना मी एकोणिसाव्यावर अडकले. वर मथळा: थंड पाण्यात. खाली काही नाही. थंड पाण्यात प्रत्येक थांब्याला पाच मिनिटं जादा, ही टीप थांब्यांच्या पॅकेजातच होती. खोट्याच्या पोटात ती कुठून असणार?

मेरिनला सांगितलं. तिने कप खाली ठेवला आणि होडीवर फोन लावला. स्पीकरवर डेलचा जोडीदार जॅरड बोलला.

"डेल आत्ताच वर आलाय. कोपर ठणकतंय म्हणे. वय झालं, दुसरं काय."

"थांब्यांना पाच-पाच मिनिटं जादा थांबला का?"

"कुठली पाच? पुस्तकात नाहीत."

"ऑक्सिजन लाव त्याला. लगेच किनाऱ्याला ये." आवाज अगदी रोजचा.

दारात ती वळली. "तुझ्यावर मी नंतर ओरडेन, रॉझ. आत्ता वेळ नाही."

मी उरलेल्या दहा होड्यांना फोन केले. मग दोन्ही पॅकेजांना वेगळी घरं दिली: नकाशाची पानं एकदा बांधली, थांब्यांची एकदा, आणि जोडली. वीस मिनिटं लागली.

संध्याकाळी मेरिनचा फोन आला. डेल इस्पितळात, बुडबुडे विरवणाऱ्या दाबाच्या टाकीत होता, बोटं हलवत होता.

"विचारतोय, पुस्तकात ते पाच मिनिटांचं होतं आणि त्यानेच वाचलं नाही का?"

"नव्हतं. आता आहे."

तिचं ओरडणं अजून बाकी होतं. तिने फोन ठेवला नाही.