जाईच्या पाठीमागचा फळा

मित्रांनो, मी एक जुना गुंडाळीफळा आहे. जाड काळं कापड, दोन टोकांना लाकडी दांड्या आणि टांगायला सुतळी, एवढाच माझा पसारा. परभणीकडच्या शाळेत कांचनबाईंनी मला अठरा वर्षं वापरलं. त्यांची लेक जाई चंदीगडला शिकायला निघाली, तेव्हा तिच्या सामानात मला बांधत त्या गुणगुणल्या,

लेक निघाली दूरदेशी, संगे देते काळा पाट
अक्षर पेरीत जा गं बाई, मागं उगवेल वाट

पहिला महिनाभर जाई रडली. मोठ्या आवाजातली पंजाबी ऐकली की तिला वाटे, सगळे आपल्यावरच ओरडतायत. मग मेसमधल्या आंटींनी पराठ्यावर लोण्याचा गोळा ठेवत म्हटलं, "खा ले पुत्तर, रो लेना बाद में." तेव्हा कुठे ती हसली.

एका रविवारी ती मला काखेत मारून सेक्टर ४३ च्या बसस्टँडमागच्या मजूरवस्तीत गेली. लिंबाच्या फांदीला मला टांगलं आणि म्हणाली, "चलो, सब खाली बैठो!"

"खाली ही तो बैठे हैं, दीदी. कुछ काम दो!" दहा वर्षांची सुमन म्हणाली आणि पोरं खिदळली. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामं, हे जाईला तेव्हा कळलं.

सुमन फरशी बसवणाऱ्या मजुराची मुलगी. शाळेचं तोंड न पाहिलेली. जाईने तिला अक्षरं दिली, तिने जाईला हिंदी शिकवली, ऑटोवाल्याशी हुज्जत घालायला शिकवलं. दोन हिवाळ्यांत भित्री जाई ताठ उभी राहू लागली. मला तिचा फार अभिमान वाटे.

शेवटी एका शाळेने सुमनला घ्यायचं कबूल केलं. सोमवारी दहाला चाचणी, प्रवेशाचा तोच शेवटचा दिवस. आईबापांना वाचता येत नव्हतं, म्हणून सोबत जाणतं माणूस हवं होतं.

"आओगी ना, दीदी?"

"अगं वेडे, पक्का!"

आनंदाने सुमनने माझ्यावर लिहिलं, 'मैं कल स्कूल जाऊँगी.' जाईने ते पुसलं नाही.

सोमवारी सकाळी तिने मला उलगडलं. पण टांगलं ते होस्टेलच्या खोलीत, खुर्चीमागच्या भिंतीवर. परदेशातल्या विद्यापीठाची मुलाखत नेमकी दहाला ठरली होती.

खोलीतली मेघना प्रॅक्टिकलला निघता निघता म्हणाली, "सुमनकडे जायचं होतं ना गं? वेळ बदलून माग की."

"नको यार. अशी संधी एकदाच येते."

"तिचीही एकदाच आहे, जाई."

जाईने लॅपटॉप उघडला. मागे वळून माझ्यावरच्या अक्षरांकडे बोट दाखवत ती इंग्रजीत म्हणाली, "हे सुमनचं अक्षर. आज मी तिला शाळेत घालतेय." पडद्यावरची माणसं कौतुकाने हसली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मी नुसता टांगलेला, तिच्या खोट्याचा साक्षीदार.

दुपारी मला गुंडाळून ती धावत शाळेत गेली. फाटक बंद झालं होतं. तेल लावून लाल रिबिनी बांधलेली सुमन पायरीवर बसली होती.

"बारह बजे तक अंदर बैठी रही, दीदी. मैडम बोलीं, तेरे साथ वाली तो आई ही नहीं."

"अगले साल पक्का. तोवर हा फळा तुझा."

सुमनने मला घेतलं, पण जाईकडे पाहिलं नाही.

ऑगस्टमध्ये जाई परदेशी गेली. सुमनच्या खोपटाला दार नाही, तिथे वारा अडवायला आता मी लोंबकळतो. सुमन आईबरोबर भांडी घासायला जाते. खडू कुणी हातात घेत नाही.

माझा रंग उडाला, कडा उसवल्या, त्याचं मला काही वाटत नाही. मी माझ्यासाठी काहीच मागत नाही. मित्रांनो, दूरदेशी जा, शिका, मोठे व्हा, दुसऱ्यांच्या मदतीलाही धावा. पण कुणाला 'सोमवारी येतो' म्हणालात, तर सोमवारी जा.