टेपमधली रिकामी जागा

अकरा मिनिटांत पंधराच्या पंधरा जण पास झाले. कोर्स चाळीस मिनिटांचा होता.

"नशरा, झालं की," सयाजी सर खूश होऊन म्हणाले. "सोमवारपासून हाच लावू. दोनशे जण आहेत. सही कर, म्हणजे प्रमाणपत्रं वाटून टाकू." कोपऱ्यातला प्रिंटर एकेक कागद बाहेर टाकत होता.

नशरानं पेन उघडलं. पण पडद्यावरच्या आकड्यावरून तिची नजर हलेना. अकरा मिनिटं.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगाराला कारखान्यात पाठवण्याआधी सुरक्षेचं शिक्षण द्यावं लागतं. सयाजी सरांची संस्था ते काम करी आणि बावीस वर्षं तो वर्ग नशराचे अब्बा, रऊफ मास्तर घेत. सप्टेंबरात ते गेले. मागे तीन कॅसेटी राहिल्या. आपल्यानंतर येणाऱ्याला उपयोगी पडतील म्हणून वर्ग चालू असताना टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवून त्यांनी त्या भरल्या होत्या. दुसरा मास्तर मिळेना, तेव्हा सरांनी ठरवलं की आता २००८ साल उजाडलं, ऑनलाइन कोर्स करू. नशरा पुण्यात तेच काम करायची. अब्बांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला घरी आलेली ती परत गेलीच नाही.

कोर्स तिनं जीव ओतून केला होता. पाच-पाच मिनिटांचे धडे, चित्रं, प्रत्येक धड्याखाली प्रश्न, आणि सगळीकडे अब्बांचा आवाज. फक्त एक गोष्ट तिनं काढली होती. अब्बा प्रश्न विचारत आणि गप्प होत. कधी एक मिनिट, कधी चार. टेपवर नुसती खरखर, मधूनच खोकला. ऑनलाइन शिकणारा माणूस दहा सेकंद काही घडलं नाही तर उठून जातो, असं ती पुण्यात शिकली होती. शिवाय तो खोकला तिला ऐकवत नव्हता. म्हणून संगणकावर आवाजाची रेघ जिथे जिथे सपाट दिसली, तिथे तिथे तिनं न ऐकताच कात्री लावली.

"प्रयागबाई, इतक्या लवकर कसं आटपलं?" तिनं विचारलं.

प्रयागबाई पोलादपूरच्या वरच्या वाडीची, पॅकिंगच्या कामावर लागायला आलेली. "त्यात काय गो? सगळ्यात लांब उत्तर असतं तेच खरं. मंग आवाज बंद केला आनि दाबत गेले."

"आवाज बंद केलात?"

"मास्तर बोलतात ग्वाड, नाय म्हणत नाय. पन पुढं जायचं बटन आधीच दिसतंय, तर थांबतंय कोन?"

नशरानं पेन मिटलं. "सर, दहा मिनिटं द्या. सगळ्यांना बाहेर घेते."

संस्थेच्या मागे मोकळी जागा होती. एका अंगाला सडकेकडे जाणारा चढ, दुसऱ्या अंगाला कोरडा ओहोळ. मध्ये एक निळं पिंप. वीसपैकी वीस गुण मिळालेला हैबती पुढेच उभा होता.

"हैबतीभाऊ, या पिंपातून क्लोरीन सुटला. पळा."

"खरंच पळू?"

"पळा."

हैबती पळाला. त्याच्यामागे बाकीचे चौदा. सगळे जण धडाधड ओहोळात उतरले आणि तोंडाला टॉवेल लावून खाली बसले.

"सुटलो का नाय, मॅडम?" खालून हैबतीनं हसत विचारलं.

"खाली का गेलात?"

"मंग काय वर जाऊ? वणवा लागला की आग डोंगर चढते. वर पळनारा भाजतो, ओहोळात उतरला तो वाचतो. आमच्याकडं शेंबड्या पोराला ठावं हाय."

"सातव्या प्रश्नाला काय उत्तर दिलंत?"

"वाऱ्याला आडवं जावं, उंच जागा गाठावी, सखल..." हैबतीचं हसू तिथेच थांबलं.

"क्लोरीन हवेपेक्षा जड," नशरा म्हणाली. "तो खाली उतरतो. तुम्ही आत्ता बसलात तिथे."

प्रयागबाईनं लुगडं वर धरलं, पाणी चढत असावं तसं, आणि ती घाईनं चढण चढू लागली.

सर दारात उभे होते. "बरं, आता कळलं त्यांना. ये, सही कर."

"या पंधरांना कळलं. सोमवारी दोनशेंना कोण पळवणार?"

"तुझ्या बापाचा आवाज आहे ना त्यात?"

"आवाज आहे, सर. वर्ग नाही."

"हे बघ." सरांचा आवाज खाली आला. "तयार कोर्स बाहेर विकत मिळतो. उद्या मागवतो. त्यात रऊफ मास्तर नसतील, तेवढं लक्षात घे."

नशरा आत टेबलापाशी गेली. सही केली तर अब्बा इथे राहणार होते, पंधरा-पंधरा माणसांना ओहोळात पाठवत. तिनं प्रमाणपत्रांचा गठ्ठा उलटा करून ठेवला.

"नाही करत सही."

मग खणातून तिनं दुसरी कॅसेट काढली आणि अब्बांच्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली. बाहेरचे पंधरा जण आत येऊन भिंतीला टेकले होते.

"क्लोरीन सुटला. पळा," अब्बा म्हणाले.

टेपवर खुर्च्या सरकल्या. मग खरखर. सरांनी घड्याळ पाहिलं. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. खोकला आला. नशरा जागची हलली नाही.

आणि खूप लांबून, दाराबाहेरून यावा तसा बारीक आवाज आला. "गेलात ना सगळे ओहोळात? या वर. आता कोणी हसायचं नाही. मला सांगा, खाली का गेलात?"

"अरे," हैबती पुटपुटला, "ह्यांना म्हायत होतं."

टेपमधले लोक सांगू लागले. वणवा, आग, डोंगर. अब्बा मध्ये एक शब्द बोलत नव्हते. सर ऐकत राहिले. बाजू संपून कळ खट्कन वर आली, तेव्हा त्यांनी उलटा गठ्ठा उचलून कपाटात टाकला.

"रविवार संध्याकाळ," ते म्हणाले. "त्यापुढे एक तास नाही."

सगळे गेल्यावर नशरा संगणकापुढे बसली. सातव्या प्रश्नाखालचं पुढे जायचं बटण तिनं काढून टाकलं. त्या जागी लिहिलं: बाहेर जा. पळून दाखवा. बरोबरच्याला सांगा, तिकडेच का पळालात. मग तिनं कॅसेट मागे फिरवली आणि कापलेली चार मिनिटं, खोकल्यासकट, परत भरायला घेतली.