नव्वदची खूण

पंप लावून पंचवीस मिनिटं झाली होती आणि मिस्त्री गाडीभोवती पाचव्यांदा फिरत होता. एरवी ही त्याची चहाची वेळ. एसीला नवा कॉम्प्रेसर बसवला की पाइपांतली हवा पंपाने ओढून काढायची असते. त्याला पाऊण तास लागतो, आणि तेवढ्या वेळात माणसाला करण्यासारखं काही नसतं. आज चहा टेबलावर साय धरून बसला होता.

तेल ओतलं का आपण?

नवा कॉम्प्रेसर कोरडा आला होता. जुन्यातलं तेल बाटलीत काढून मोजायचं आणि तेवढंच ताजं तेल नव्यात ओतायचं, ही त्याची अडतीस वर्षांची रीत. बाटली त्याच्या मुलीची, ती दूधपिती होती तेव्हाची. बूच कधीच हरवलं, अंगावरचे मिलिलिटरचे आकडे मात्र शाबूत होते. सकाळी जुन्यातून काळंकुट्ट तेल निघालं तेव्हा त्याने "नव्वद!" अशी हाळी दिली आणि मुलीने काउंटरवरून ते गाडीच्या कार्डावर लिहिलं. इथवर सगळं लख्ख आठवत होतं. मग गाडीचा मालक, एक विमा एजंट, स्टूल ओढून शेजारी बसला आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. त्यानंतर एकदम नवा कॉम्प्रेसर जागेवर बसलेला आणि बेल्ट चढलेला. मधलं काही म्हणता काही आठवेना.

बाटली पुसून खिळ्याला टांगलेली होती. पण ती तो जुनं तेल सांडल्यावरही पुसायचा आणि नवं ओतल्यावरही. तेलाचा डबा घट्ट बंद होता, पण तोही तो लगेच बंद करायचा, कारण त्या तेलाला हवेतला ओलावा चालत नाही. या नीटनेटकेपणाबद्दल जन्मभर लोकांनी त्याची पाठ थोपटली होती. आज तोच त्याच्या मुळावर उठला होता.

"मिस्त्री, आटपलं ना?" एजंट म्हणाला. "दीडला निघायचंय मला. सासूबाईंना घेऊन पाच तासांचा रस्ता. एसी नसेल तर त्या गाडीत बसायच्या नाहीत, आणि बसल्या तर मला सुखाने बसू द्यायच्या नाहीत."

"होतंय," मिस्त्री म्हणाला आणि सहावी फेरी सुरू केली.

तेल नसेल तर कॉम्प्रेसर रस्त्यातच घासून जाम होणार, धातूचा चुरा सगळ्या पाइपांत जाणार. अंदाजाने आणखी नव्वद ओतावं, तर दुप्पट तेलाने हवा गार व्हायची नाही. सगळं परत उघडून बघणं, एवढा एकच मार्ग होता. आणि उघडायचं म्हणजे का उघडतोय ते सांगणं आलं.

गेल्या महिन्यात त्याने एका गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडंच ठेवलं होतं. मुलीने ते गुपचूप लावलं आणि संध्याकाळी हळूच म्हणाली, "बाबा, आता काउंटर तुम्ही सांभाळा की. बसून काम."

"खुडूक कोंबडी आहे का मी बसून राहायला?" तो फाडकन म्हणाला होता. तेव्हापासून दोघंही तो विषय टाळत होते. आज तोंड उघडलं की काउंटर नक्की, हे त्याला कळत होतं. त्याला भीती वाटत होती.

त्याने पंप बंद केला.

मुलीने मान वर केली. "का हो बाबा? अजून वीस मिनिटं आहेत की."

"उघडतोय."

"लीक आहे का?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. एजंटही मुकाट्याने थांबला असता. मिस्त्रीने हातातलं फडकं दोनदा पिळलं, त्यात पिळण्यासारखं काही नव्हतं.

"लीक नाही. तेल ओतलं की नाही ते मला आठवत नाहीये."

"म्हणजे?" एजंट उठून उभा राहिला.

"म्हणजे तुम्हाला दीड-दोन तास उशीर. चूक माझी आहे."

एजंटने घड्याळ पाहिलं. तो सासूबाईंना फोन करायला बाहेर गेला.

मिस्त्रीने पाइप सोडवले, बोल्ट काढले. मुलगी बॅटरीचा उजेड धरून उभी राहिली. कॉम्प्रेसर बाहेर काढून त्याने बाटलीवर कलता केला. आधी काहीच आलं नाही. मग बारीक धार लागली, स्वच्छ, पिवळसर, आणि चढत चढत नव्वदच्या खुणेला टेकली.

"आहे की, बाबा! ओतलं होतंत तुम्ही!" मुलगी हसायला लागली.

त्याला हसू आलं नाही. कोरडा निघाला असता तर चूक म्हणून कपाळावर हात मारून घेतला असता आणि विषय संपला असता. पण हातांनी काम चोख केलं होतं आणि त्याला पत्ताही लागू दिला नव्हता. त्याला रडू आलं. कपाळाचा घाम पुसता पुसता त्याने डोळेही पुसून घेतले.

"काउंटर मी सांभाळतो," तो हळू आवाजात म्हणाला.

मुलीचं हसू थांबलं. तिने बॅटरी विझवली. "आणि हे कोण बसवणार? मी?" ती म्हणाली. "सकाळी नव्वद ओरडलात, ते मी लिहिलं. ओतल्यावर ओरडला असतात तर तेही लिहिलं असतं."

ती काउंटरवर गेली, गाडीचं कार्ड काढलं आणि पेन उघडून बसली.

मिस्त्रीने पाइपांच्या जोडांची नवी रबरं काढली. डबा उघडला, खुणेपर्यंत ताजं तेल घेतलं आणि शेवटचा थेंब सुटेपर्यंत बाटली उलटी धरली. एजंट दारात परत येऊन उभा होता.

"ओतलं," मिस्त्री पुटपुटला.

"ऐकू नाही आलं, बाबा."

त्याने एकदा एजंटकडे पाहिलं. मग सकाळच्यासारखी हाळी दिली, "तेल ओतलं! नव्वद!"

"लिहिलं," मुलगी म्हणाली.